सन्माननीय सदस्यहो, येताना चष्मा घेऊन या

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सदस्य,
हिवाळी अधिवेशन, मुक्काम नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

स.न.वि.वि.

तुम्ही दर हिवाळ्यात आमच्या गावात येता तेव्हा आधी रस्त्यावर डांबर येतं, मग पोलीस येतात, मग मोर्चे. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला मोर्चा अडला की माझ्याकडे येणारा औषधांचा टेम्पो सीताबर्डीच्या अलीकडे दोन-दोन तास उभा राहतो. तक्रार नाही, सवय झाली आहे. माझ्यामागे मोर्चा निघेल एवढी माणसं नाहीत, आणि निवेदन घेऊन यावं तर पासच्या रांगेतच दिवस जातो. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं.

मी फार्मासिस्ट आहे. मेडिकल चौकाच्या आसपास माझं औषधाचं दुकान आहे, १९९८ पासून. त्याआधी सहा वर्षं एका छोट्या सिरपच्या कारखान्यात क्यूसीला होतो, म्हणजे माल तपासून पास-नापास करणारा माणूस. म्हणजे औषधाच्या बाटलीची दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. ती भरतात कशी तेही, आणि ती आईच्या हातात देताना आपण काय बोलतो तेही.

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. खोकल्याच्या विषारी सिरपने मुलं गेल्याची बातमी नुकतीच पसरली होती. संध्याकाळी गर्दीच्या वेळी एक बाई काउंटरशी आली. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, हातात कॅरीबॅग, तिच्यात सिरपची अर्धी बाटली.

"काका, हे तेच औषध तं नाही न? पाहून द्या न जी."

मी बाटली उलटी केली. तळाशी सिरप ओघळून लेबल चिकट झालं होतं, बॅच नंबरच्या जागी धूळ बसली होती. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, मोबाइलचा टॉर्च लावला, चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला. 'एस' आहे की '५', हे कळायला दोन मिनिटं गेली. कंपनी वेगळी, नंबर वेगळा. "ते नाही," मी म्हणालो.

ती गेली नाही. "पण हे चांगलं आहे न?"

मी म्हणालो, "कंपनी चांगली आहे, ताई."

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो? स्टॉकिस्टच्या बिलाच्या. स्टॉकिस्टला कंपनीच्या बिलाने सांगितलं, कंपनीला कच्चा माल देणाऱ्याच्या सर्टिफिकेटने सांगितलं. त्या बाटलीतला एक थेंबही मी कधी तपासला नव्हता आणि माझ्या दुकानात तो तपासताही येत नाही. बी.फार्म.ची पदवी भिंतीवर फ्रेममध्ये लावली आहे, तिच्याकडे त्या संध्याकाळी मी बघितलं नाही.

प्रकरण तुम्हाला माहीत आहे, तरी आमच्या बाजूने सांगतो, कारण ती मुलं आमच्याच रस्त्याने आली. छिंदवाडा इथून सव्वाशे किलोमीटर, मध्ये सावनेर आणि सौंसर. मध्य प्रदेशचा तो टापू आजारी पडला की भोपाळपेक्षा नागपूर जवळचं, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या घरांत बोलतातही मराठीच. सप्टेंबरभर परासिया आणि भोवतालच्या गावांतली लहान मुलं येत राहिली. साधा सर्दीताप, त्यावर खोकल्याचं औषध, दोन-चार दिवसांत लघवी बंद, डोळ्यांवर-पायांवर सूज, मूत्रपिंडं निकामी. आधी पाण्यावर संशय गेला, मग उंदरांवर, तापांवर. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला तेव्हा कुठे बोट विषाकडे वळलं. वीसहून जास्त मुलं गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

सिरपचं नाव कोल्ड्रिफ. तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्माने केलेलं. मध्य प्रदेशाने १ ऑक्टोबरला तामिळनाडूच्या औषध प्रशासनाला कळवलं. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी होते. इथे दीक्षाभूमीवर लाखो माणसं लोटली होती, मी अर्धा दिवस दुकान बंद करून घरी आपट्याची पानं वाटत होतो. तिकडे चेन्नईच्या सरकारी प्रयोगशाळेत सुट्टी असताना माणसं कामावर होती. निकाल आला: बॅच एसआर-१३, डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के. चालतं ते ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष. त्याच सुमारास, ३ ऑक्टोबरला, केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होतं की मध्य प्रदेशात घेतलेल्या नमुन्यांपैकी तपासून झालेल्या नऊ नमुन्यांत हे द्रव्य सापडलेलं नाही. दोघंही खरंच बोलत होते. नमुने वेगवेगळ्या बाटल्यांचे होते.

हे डायएथिलीन ग्लायकॉल काय आहे? रंग नाही, वास नाही, चव गोडसर, हाताला सिरपसारखंच दाट. गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये आणि कारखान्यांत वापरतात. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात, आणि हे त्याचंच स्वस्त भावंड. ड्रम शेजारी ठेवले तर मलाही डोळ्यांनी सांगता येणार नाही कोणता कोणता. कुणाला मुलं मारायची नसतात. कुणाला तरी ड्रममागे काही रुपये वाचवायचे असतात, किंवा दोन ड्रमांतला फरक न बघता टेम्पो रिकामा करायचा असतो.

आता मी माझं सांगतो. साल बहुतेक १९९६. शनिवारची संध्याकाळ. कारखान्याला एका सरकारी टेंडरचा माल सोमवारी पाठवायचा होता आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचे सहा ड्रम चार दिवस उशिरा आले. नियम साधा: प्रत्येक ड्रमचं झाकण उघडायचं, प्रत्येकातून नमुना घ्यायचा, ओळख पटवायची, मग वापराला सोडायचं. सोबत पुरवठादाराचं सर्टिफिकेट होतं, 'सीओए', त्यावर सगळे आकडे कसे अगदी मोजून-मापून. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी हट्टाला पेटलो असतो. ते फक्त म्हणाले, "नेहमीचाच माणूस आहे, पंधरा वर्षांपासून देतोय." मी दोन ड्रम उघडले. दोन्ही ठीक होते. सहाही ड्रमांवर हिरवी चिठ्ठी लावली, रजिस्टरात सहा ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि शेवटची बस पकडली.

काही झालं नाही. त्या चार ड्रमांतही औषधच होतं. पण मला हेच आठवतं की काही झालं नाही. पुढच्या वेळी मी दोनच ड्रम उघडले, कारण मागच्या वेळी काही झालं नव्हतं. माझ्यासारखे किती क्यूसीवाले आज महाराष्ट्रात दोन ड्रम उघडून सहांवर सही करतात हे मला विचारू नका, तुम्ही शोधा. मला एवढं ठाऊक आहे की त्या सहा वर्षांत आमच्याकडे जे निरीक्षक आले त्यांनी रजिस्टर पाहिलं, चहा घेतला, संडास-बाथरूमची स्वच्छता पाहिली. ड्रमचं झाकण उघडायला कुणी सांगितलं नाही.

त्या चार ड्रमांची जोखीम माझी नव्हती, आणि या पत्रात मला एवढंच म्हणायचं आहे. सही माझी, टेंडर मालकाचं, दर सरकारचा, आणि पोट कुठल्या तरी पाड्यावरच्या पोराचं. जो तपासू शकतो त्याला न तपासण्याची किंमत द्यावी लागत नाही. जी आई ती किंमत देते तिच्या हातात फक्त पाच एमएलचं झाकण असतं.

हे विष नवं नाही. अमेरिकेत १९३७ साली 'इलिक्झिर सल्फानिलामाइड' नावाच्या द्रव औषधात हेच वापरलं आणि शंभरावर माणसं मेली. त्या काळच्या कायद्यात औषध विकण्याआधी ते विषारी आहे का हे पाहण्याची सक्तीच नव्हती. कंपनीवर गुन्हा लागला तो चुकीच्या नावाचा: 'इलिक्झिर' म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, यात नव्हतं म्हणून. माणसं मारल्याबद्दल कलम नाही, नावात चूक केल्याबद्दल आहे! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्यांनी कायदा बदलला. आपल्याकडे मद्रासला १९७२ मध्ये मुलं गेली, गुडगावला १९९८ मध्ये गेली, जम्मूतल्या रामनगरला २०१९-२० च्या हिवाळ्यात गेली. दर वेळी तेच रसायन.

आणि आपलं जे.जे. तुमच्यातले जे साठीच्या पुढे आहेत त्यांना आठवत असेल. १९८६ चा जानेवारी-फेब्रुवारी. मी बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या सरांनी वर्गात पेपर टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी शिकवलं नाही. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी व्हावा म्हणून रुग्णांना ग्लिसरॉल देतात, त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मुंबईतल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयात चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. खरेदी कशी झाली, पुरवठादार कसा निवडला गेला, औषध प्रशासनात कोण कुणाचं ऐकत होतं, मंत्रालयातून फोन कसे जात होते, सगळं त्यांनी नावानिशी लिहिलं. अहवाल १९८८ मध्ये बाहेर आला आणि आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

तो अहवाल तुमच्याच विधिमंडळाच्या ग्रंथालयात असायला हवा. मागवून बघा. कोणत्या पानावर काय आहे हे मी सांगणार नाही, कारण मग तुम्ही तेवढंच पान मागवाल.

आता तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही ते बघू. कायदा १९४० चा, केंद्राचा, औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा. पण कारखान्याला परवाना देणारं, दुकान तपासणारं, नमुना उचलणारं प्रशासन राज्याचं. त्यामुळे "हा केंद्राचा विषय आहे" हे उत्तर अर्धंच खरं आहे. कोल्ड्रिफच्या वेळी तेच झालं. परवाना तामिळनाडूचा, विक्री मध्य प्रदेशात, बरेच मृत्यू नागपुरात. तीन राज्यं, आणि तिघांकडेही बोट दाखवायला दुसरी दोन. तामिळनाडूच्या निरीक्षकांनी कारखान्यात जाऊन पाहिलं तर ३९ गंभीर आणि ३२५ मोठे दोष निघाले, वापरलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल औषधी दर्जाचंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा चालवणाऱ्या राज्याला मी वर शाबासकी दिली, ती मागे घेत नाही. पण परवानाही त्याच राज्याने २०११ पासून चालू ठेवला होता, आणि ३६४ दोष काही एका रात्रीत जमत नाहीत.

डॉक्टरांबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळ्यात आधी अटक तिकडे झाली आणि आमचे डॉक्टर मित्र अजून रागात आहेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकल्याचं औषध लिहू नये, हे बरोबर. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध (कोल्ड्रिफ त्यातलंच) चार वर्षांखाली देऊ नये असं लेबलावर छापा, हे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. लिहिणाऱ्याने ते वाचायला हवं, विकणाऱ्यानेही. मी स्वतः किती वेळा ते लेबल न बघता बाटली दिली असेल? पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला बाटलीतलं ब्रेक ऑइल दिसत नाही. त्याच्या चुकीने मुलाला नको ते औषध गेलं असतं. विष गेलं ते दुसऱ्यांच्या चुकीने, आणि त्या चुका वेगवेगळ्या तागडीत तोलायला हव्यात.

आता तंत्रज्ञानाचं. या प्रकरणानंतर जिकडे तिकडे पोर्टल आणि क्यूआर कोड ऐकू येतो. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे नावाजलेल्या ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. छान आहे. माझा भाचा दुकानात आला की मोबाइलने स्कॅन करून दाखवतो, "मामा, बघ, सगळं येतं." काय येतं? कंपनीचं नाव, बॅच, तारखा, परवान्याचा क्रमांक. म्हणजे लेबलावर जे आधीच छापलंय तेच. नकली वेष्टन पकडायला ते उपयोगी आहे. पण कोल्ड्रिफ नकली नव्हतं. खऱ्या कंपनीचं, खऱ्या परवान्याचं, खऱ्या बॅचचं होतं. कोडने त्याला शंभर टक्के अस्सल म्हटलं असतं. सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव, कुणी कुणाला विकला हे पोर्टलवर नोंदवण्याचंही चाललं आहे. नोंदवा, मात्र माझ्या त्या शनिवारच्या सहा ओळी पोर्टलवरही तितक्याच सुबक दिसल्या असत्या. ड्रमचं झाकण शेवटी पान्यानेच उघडावं लागतं.

एक गोष्ट तर मला आजवर कळलेली नाही. २०२२ मध्ये गाम्बियात आपल्या देशातून गेलेल्या सिरपशी सत्तरच्या आसपास मुलांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला, जगभर छी-थू झाली. मग १ जून २०२३ पासून नियम आला की खोकल्याचं सिरप परदेशात पाठवण्याआधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याचा नमुना तपासून सर्टिफिकेट घ्यायचं. म्हणजे तपासणी शक्य आहे, प्रयोगशाळा आहेत, पद्धत आहे. बाटली जहाजात चढणार असेल तर. सावनेरच्या एसटीत चढणार असेल तर कारखानदाराचा शब्द पुरतो. हा फरक कुणी ठरवला, कोणत्या बैठकीत, आणि तेव्हा कुणी हात वर केला का?

कारखानदारांची बाजूही मांडतो, कारण त्यांचं मीठ मी खाल्लं आहे. सुधारित शेड्यूल एम डिसेंबर २०२३ मध्ये आलं, त्यात कारखान्याची रचना, हवा, पाणी, तपासणी, सगळं कडक झालं. छोटे कारखानदार म्हणाले, एवढा खर्च कुठून आणू, मुदत द्या. मुदत मिळाली. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गरिबाला परवडणारं सिरप बरंचसं याच छोट्या शेडमधून येतं, आणि सगळ्या शेडना एका दिवसात कुलूप ठोकलं तर दुकानात मोठ्या कंपनीची महाग बाटली तेवढी उरेल आणि ताप आलेलं पोर औषधाविना राहील. तीही जोखीमच आहे. पण हवेचे फिल्टर आणि भिंतींचा इपॉक्सी रंग याला मुदत देणं वेगळं, आणि ड्रम तपासण्याला मुदत देणं वेगळं. कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासायची ही अट जुनीच आहे, त्याला नवं शेड्यूल लागत नाही. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिसळलेली द्रव्यं वेगळी करून ओळखायची, एक प्लेट, थोडे द्रावक, तासाभराचं काम. मोठं यंत्रही लागत नाही. जो एवढं करणार नाही त्याची शेड बंद पडली तर मला वाईट वाटणार नाही.

आणि आता ते कलम, ज्यावर तुमच्या सभागृहात फारसं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने औषध कायद्याच्या कलम २७ (ड) खालचे गुन्हे तडजोडीने, म्हणजे पैसे भरून, मिटवता येतील असे केले. २७ (ड) मध्ये प्रामुख्याने येतात ती अप्रमाणित, म्हणजे ठरलेल्या दर्जाला न उतरणारी औषधं. विष घालून कुणी मेलं तर वेगळी, कडक कलमं आहेत, जन्मठेपेपर्यंतची, ती तशीच आहेत. समर्थक म्हणतात, किरकोळ त्रुटीसाठी उद्योजकाला कोर्टात कशाला खेटे घालायला लावता? लेबलावरच्या चुकीसाठी मीही हेच म्हणेन. पण कारखाना हाताबाहेर चालल्याची पहिली खूण अप्रमाणित औषधाचीच असते. आज गोळी नीट विरघळत नाही, उद्या सिरपमध्ये औषध कमी निघतं, परवा ड्रम बदलतो. पहिल्या दोन खुणा पावती फाडून मिटवल्या तर तिसऱ्या वेळी फाइलमध्ये मागचं काहीच सापडणार नाही. तडजोड मान्य करायची की नाही, हे राज्याचा अधिकारीही ठरवतो. म्हणून इथे तुमचं चालतं.

मला काय हवं आहे? मंत्रिमहोदयांना तारांकित प्रश्न विचारा की जिल्ह्यागणिक औषध निरीक्षकांची किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि त्यातल्या कितींकडे नमुना आणायला गाडी आहे. औषध नियमनावरच्या माशेलकर समितीने २००३ मध्ये पन्नास कारखान्यांमागे एक आणि दोनशे दुकानांमागे एक निरीक्षक असावा असं सांगितलं होतं. तो आकडा आणि तुमच्या जिल्ह्याचा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा. एक निरीक्षक काय करू शकतो याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे निरीक्षकाने उचललेल्या नमुन्यामुळे बाहेर आलं, आणि मग धागा पार हरिद्वारपर्यंत गेला.

नमुना उचलल्यापासून निकाल लागेपर्यंत सरासरी किती दिवस जातात, तेही विचारा. आमच्या मोबाइलवर दर महिन्याला अप्रमाणित औषधांची यादी येते. मी ती इमानाने स्टॉकशी ताडून पाहतो आणि बहुतेक वेळा ती बॅच माझ्याकडे कधीच संपलेली असते. गिऱ्हाइकांची नावं वहीत आहेत, औषध त्यांच्या पोटात आहे. लहान मुलांच्या द्रव औषधांचे नमुने रांगेत न ठेवता आधी लावा. दसऱ्याच्या दिवशी चेन्नईला जमलं ते मुंबईला आणि नागपूरला का जमू नये?

आणखी एक, हे खास नागपूरसाठी. दोन-तीन लहान मुलं, कारण कळत नाही आणि मूत्रपिंडं बंद, अशी कुठल्याही रुग्णालयात आली, सरकारी असो वा खासगी, तर त्याच दिवशी औषध प्रशासनाला फोन गेलाच पाहिजे आणि मुलाच्या घरातल्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी पिशवीत आल्याच पाहिजेत. मूल कोणत्या राज्याचं आहे हे न विचारता. परासियाच्या बाटल्या नागपुरात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तपासल्या गेल्या असत्या तर, असं मी रात्री कधीकधी मोजत बसतो. मोजू नये, पण मोजतो.

सरकारी खरेदीत सगळ्यात कमी दराला हार घालणं चालूच राहणार, तुमचे हातही बांधलेले असतील. निदान टेंडरमध्ये एवढं तरी लिहा की सिरपच्या प्रत्येक बॅचसोबत पुरवठादाराचं नव्हे, स्वतंत्र प्रयोगशाळेचं ग्लायकॉल तपासणीचं पत्र हवं. दर थोडा वाढेल. तो तुम्ही द्या, कारण नाही तर तो छिंदवाड्यासारखा भरावा लागतो.

छापे घालू नका असं मी म्हणत नाही, पण त्या ऑक्टोबरात पंधरा दिवस दुकानांवर जी झडती झाली तिने फोटो निघाले, बाकी फार काही निघालं नाही. लोकांनी तर पॅरासिटामॉलचं सिरपही घ्यायचं बंद केलं. एक आजोबा नातवाला एकशेतीन ताप असताना हळदीचं दूध पाजून बसले होते, त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. भीती अशी पसरली की पुढचं साधं औषधही संशयात सापडतं, आणि त्याची मोजदाद कुणी करत नाही.

ती बाई महिनाभराने परत आली होती. मुलगी बरी होती, दात येत होते, काउंटरवरचं पेनस्टँड ओढत होती. बाईने पुन्हा एक बाटली पुढे केली, आणि या वेळी तिने विचारायच्या आधी मीच सांगितलं, "ताई, कंपनी मला माहीत आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही." तिने माझ्याकडे बघितलं, बाटली परत पिशवीत टाकली, आणि "मग कोणाले माहीत आहे जी?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून गेली.

अधिवेशन चालू असेपर्यंत दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ उघडं आहे, रविवारी दुपारपर्यंत. तुमच्यापैकी कुणी आलात तर मी खोकल्याच्या औषधाच्या दहा बाटल्या काढून ठेवीन. तुम्ही फक्त बॅच नंबर आणि परवान्याचा क्रमांक वाचायचा. येताना जवळचा चष्मा घेऊन या, टॉर्च माझ्याकडे आहे.

आपला,
एक औषध विक्रेता,
मेडिकल चौक परिसर, नागपूर